काचघरातले बाळंतपण

मासे पाळणाऱ्या घरात एक सकाळ कधी ना कधी उजाडतेच. घरातले सर्वांत लहान माणूस तोंडात ब्रश धरून टाकीसमोर उभे असते आणि एकाएकी ओरडते, "बाबा, लौकर या! पाण्यात नुसते डोळे पोहताहेत!"

आमच्याकडे ती सकाळ आली तेव्हा टाकीत मासे येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. दोन काळ्याभोर मॉली आणि एक नर, एवढाच संसार. मी चष्मा पुसून पाहिले. खरेच, कोपऱ्यातल्या हिरव्या पाल्याआड बारीक बारीक काळे जीव तरंगत होते, आणि त्या एवढ्याशा अंगाला डोळेच काय ते मोठे. धाकटीने मोजले. तेवीस भरले. त्यांतल्या पाचांची नावेही शाळेला जाण्यापूर्वी ठेवून झाली. संध्याकाळी ती दप्तर न उतरवताच टाकीपाशी गेली. तेवीसांतले एकही उरले नव्हते. मॉलीबाई मात्र काहीच घडले नसल्यासारख्या शांतपणे फेऱ्या घालीत होत्या.

"आईनंच खाल्ली?" तिने विचारले. मी होय म्हणालो. त्या रात्री ती नीट जेवली नाही. झोपताना तिने आणखी एक प्रश्न विचारला, आणि तो मला जास्त लागला. "बाबा, ती खाणार हे तुम्हांला माहीत होतं?"

मला माहीत नव्हते. माहीत असायला हवे होते.

त्यानंतर आमच्या टाकीत आणखी बाळंतपणे झाली. एकात मी आईच गमावून बसलो. दुसऱ्यात पिल्ले वाचली, आणि ती इतकी वाचली की पुढे त्यांचे करायचे काय, हा प्रश्न पडला. दिवाळीच्या सुमारास मुलांच्या हट्टापायी बऱ्याच घरांत नवी टाकी येते. त्या घरांसाठी आमच्या अनुभवाचा हा जमाखर्च मांडतो आहे.

गप्पीची चुलत बहीण

गप्पी मासा आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. डासांच्या अळ्या खातो म्हणून हिवताप-निर्मूलनवाले विहिरींत आणि टाक्यांत सोडतात, तोच. मॉली ही या गप्पीची चुलत बहीण. शास्त्रज्ञांनी दोघींना 'पोइसिलिया' या एकाच घराण्यात बसवले आहे. या घराण्याचे वैशिष्ट्य म्हणजे ही मंडळी अंडी घालीत नाहीत. अंडी आईच्या पोटातच राहतात, पिल्लू मुख्यतः अंड्यातल्या बलकावर वाढते आणि बाहेर पडते ते पोहतच. म्हणूनच नवशिक्याने मासे वाढवायचे म्हटले की जाणकार मॉलीचे नाव घेतात.

नावावरून ही कोणा मडमेची मानलेली लेक असावी, असे वाटते. पण तसे नाही. १८२१ साली लस्यूर नावाच्या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने या माशांना शास्त्रीय नाव दिले, ते नेपोलियनचा खजिना सांभाळणारा मंत्री काउंट मोलिएँ याच्या नावावरून. पुढे शास्त्रीय नाव बदलले, 'मॉली' मात्र टिकली. थोडक्यात, आपल्या टाकीत एका खजिनदाराचे नाव पोहत असते. हिशेब चोख ठेवण्याची जबाबदारी आपल्यावर येते ती कदाचित त्यामुळेच. ती किती मोठी असते, ते पुढे येईलच.

मॉलीचे माहेर मेक्सिकोत, मध्य अमेरिकेत आणि मेक्सिकोच्या आखाताच्या काठाने. रेवदंड्याची किंवा दाभोळची खाडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या माहेरची कल्पना सहज येईल. भरतीला खारे, ओहोटीला गोडे, असे ते मचूळ पाणी. काही जाती आत गोड्या नद्यांतही राहतात, पण बहुधा तेही पाणी चुनखडीचे, जड असते. दुकानात दिसणारी पूर्ण काळी मॉली निसर्गात सहसा सापडत नाही. काळे डाग असलेले मासे निवडून निवडून माणसाने ती टाकीत घडवली. पाठीवर शिडासारखा उंच पर असलेली शीडवाली मॉली दिसायला राजेशाही, पण तिला जागा मोठी लागते. फुग्यासारख्या गोल पोटाची 'बलून' मॉली मुलांना फार आवडते. तिचा तो गोलपणा म्हणजे आखडलेला कणा होय. नवशिक्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

डाळ शिजते का?

मॉली मरते ती बहुधा पाण्याने. तिला जड पाणी लागते, म्हणजे चुना आणि तत्सम क्षार असलेले. तुमचे पाणी कसे आहे, हे प्रयोगशाळेत न जाताही घरच्या बाईमाणसाला विचारून कळते. तुरीची डाळ लौकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि पाणी तापवायच्या भांड्याला आतून पांढरी पुटे चढतात, असे असेल तर पाणी जड. एरवी तुम्ही त्या पाण्याला नावे ठेवत असाल, पण मॉली आशीर्वाद देईल. कूपनलिकेचे पाणी बहुधा असे असते. उलट तानसा, वैतरणा, भातसा येथून मुंबईला येणारे किंवा खडकवासल्याहून पुण्याला येणारे पाणी म्हणजे सह्याद्रीच्या काळ्या दगडावरून वाहून धरणात साठलेला पाऊस. ते हलके असते. त्यात डाळ छान शिजते, मॉली मात्र कष्टी होते. ती जागच्या जागी, पुढे न सरकता, डावी-उजवी डोलत राहते. मुले म्हणतात, "मासा नाचतोय." तो नाच नव्हे, दुखणे आहे. पाणी फार हलके किंवा फार गार झाले, की हे दुखणे लागते.

उपाय साधा आहे. ज्या घरांत तिसऱ्या शिजतात त्यांनी रिकाम्या शिंपल्या फेकू नयेत. त्या खरवडून, खळखळ उकळून, उन्हात वाळवून, जाडसर फोडून कापडी पिशवीत बांधाव्यात आणि फिल्टरजवळ ठेवाव्यात. शाकाहारी घरांत संगमरवराचे खडे चालतील. पाणी हळूहळू जड होत जाते. शिवाय टाकीत फक्त मॉलीच असतील, तर दहा लिटर पाण्याला एक सपाट चहाचा चमचा खडे मीठ, आधी वेगळ्या भांड्यात विरघळवून, घालायला हरकत नाही. पाणी आटते, मीठ आटत नाही. म्हणून पुढे मीठ घालायचे ते बदललेल्या पाण्यापुरतेच. पिण्यासाठी बसवलेल्या आर. ओ. यंत्राचे पाणी मात्र टाकीत ओतू नका. मॉलीला हवे असते तेच त्या यंत्राने काढून टाकलेले असते.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. रुंद तोंडाच्या बादलीत ते एक दिवस ठेवून द्यावे, म्हणजे बराचसा क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर दुकानात क्लोरीन मारण्याचे थेंब मिळतात. पूर्वी फोटोग्राफर मंडळी वापरत तो 'हायपो', म्हणजे सोडियम थायोसल्फेट, हेच त्यांतले मुख्य औषध. बादलीवर पातळ कापड बांधायला विसरू नका, नाही तर माशांच्या आधी डासांचा पाळणा हलेल.

उष्णतेचे म्हणाल, तर पाणी २५ ते २८ अंश सेल्सियस असावे. मुंबईत वर्षाचा बहुतेक काळ ते आपोआप जमते. पुणे, नाशिक, नागपूर येथे दिवाळीनंतरच्या थंडीत रात्री पाणी वीस अंशांखालीही उतरू शकते. तिथे साठ लिटरच्या टाकीला ५० ते १०० वॅटचा हीटर लावावा. पाण्यात हात घालण्यापूर्वी त्याचे बटण बंद करावे, हे मुलांना दहा वेळा सांगावे.

लोणच्यासारखे पाणीही मुरावे लागते

टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच असली की सुरुवातीला पुरते. त्यात साधारण साठ लिटर पाणी राहते. काच, वाळू आणि पाणी मिळून वजन ऐंशी-नव्वद किलोच्या घरात जाते. तेव्हा डुगडुगत्या टीपॉयवर तिची प्रतिष्ठापना करू नका. खिडकीच्या थेट उन्हातही नको.

टाकी भरली की लगेच मासे, हा आपल्या सर्वांचा उतावळेपणा. पण लोणचे घातल्या दिवशी खात नाहीत. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो आणि तो विषारी असतो. एका प्रकारचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसरे जीवाणू त्याचे नायट्रेट करतात, आणि ते थोड्या प्रमाणात माशांना सोसते. हे उपकारी जीवाणू वाळूवर आणि फिल्टरच्या स्पंजावर वस्ती करतात. ती वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे मोजकेच ठेवावेत, आहार चिमटीने द्यावा आणि थोडे थोडे पाणी वरचेवर बदलावे.

फिल्टर हवेच्या पंपावर चालणारा, स्पंजाचा घ्यावा. तो स्वस्त असतो आणि पिल्लांना आत ओढीत नाही. तो नळाखाली खसाखसा धुऊ नये, नाही तर कष्टाने बसलेली वस्ती आपण एका मिनिटात वाहून घालवतो. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो दोन-तीनदा पिळावा. पाणी मुरल्यावर आठवड्यातून एकदा पाव टाकी बदलली की झाले.

एक सूचना खास या दिवसांसाठी. हवेचा पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो. दिवाळीत त्या हवेत फटाक्यांचा धूर असतो, रंगकाम निघाले असेल तर रंगाचा वास असतो, आणि झुरळांवर मारलेले औषधही असते. अशा वेळी टाकी नीट झाकावी, पंप दुसऱ्या खोलीत ठेवून लांब नळी जोडावी, आणि माशांच्या खोलीत औषधाचा फवारा मारूच नये.

नर कोणता, मादी कोणती

शेपटीच्या अलीकडे, पोटाखाली जो पर असतो, तो पाहावा. मादीचा पर पंख्यासारखा पसरलेला असतो. नराचा वळलेल्या वातीसारखा बारीक आणि मागे टोक केलेला. एका नरामागे दोन-तीन माद्या असाव्यात. एकास एक ठेवल्यास नर मादीच्या इतका मागे लागतो, की तिला खायलाही उसंत मिळत नाही.

नर आणलाच नाही, तर पिल्लांची कटकट नाही, असे समजू नका. मॉलीची मादी एकदाच्या समागमातून मिळालेले बीज कित्येक महिने पोटात जपून ठेवते आणि त्यावर अनेक वेळा वितेते. दुकानातून आणलेली मोठी मादी बहुधा गरोदरच असते. याच घराण्यातील 'अ‍ॅमेझॉन मॉली' नावाच्या जातीत तर नर जवळजवळ नसतातच. कार्ल आणि लॉरा हब्ज या दांपत्याने १९३२ साली ही गोष्ट जगापुढे मांडली. ती शेजारच्या जातीच्या नराशी जुगते खरी, पण पिल्लांत बापाचा अंश उतरत नाही. सगळ्या मुली, आणि आईच्या हुबेहूब प्रती! आपल्या दुकानांतली मॉली ती नव्हे, पण मॉलीच्या घरात बायकांचे राज्य असते, एवढे यावरून ध्यानात यावे.

दिवस राहिल्यापासून साधारण चार ते सहा आठवड्यांत मादी विते. तिचे पोट गोल होत होत शेवटी पुढून चौकोनी दिसू लागते. फिकट रंगाच्या मादीत शेपटीकडच्या अंगाला काळसर डाग गडद झालेला दिसतो. काळ्या मॉलीत अर्थातच तो दिसत नाही. वेळ जवळ आली की ती एकटी राहते, आडोसा शोधते आणि अन्नाकडे पाठ फिरवते.

ट्रंकेतली बाळंतीण

पहिल्या तेवीस पिल्लांनंतर मी हुशार झालो होतो. दुसऱ्या वेळी वितायला आलेल्या मादीला जाळीने पकडून मी प्लॅस्टिकच्या छोट्या पेटीत ठेवले. अशी पेटी दुकानात मिळते. तिच्या तळाला फट असते, पिल्ले फटीतून खाली पडतात आणि आईला खाली जाता येत नाही. कल्पना उत्तम. पण पेटी जेमतेम तळहाताएवढी, आणि आमची मॉली चांगली तीन बोटे लांब. रात्रभर ती भिंतींना धडका देत राहिली. सकाळी सात पिल्ले तळाशी पडलेली दिसली. पोटाला अजून बलकाचा पिवळा गोळा चिकटलेला. दिवस पुरे होण्यापूर्वीच ती बाहेर पडली होती. त्यांतले एकही जगले नाही, आणि तिसऱ्या दिवशी आईही गेली.

घरातून मला एकच वाक्य ऐकावे लागले. "नवव्या महिन्यात बाईला कोणी ट्रंकेत बसवतं का?"

यावर उत्तर नव्हते. मॉली अंगाने मोठी आणि स्वभावाने घाबरट. शेवटच्या दिवसांत तिला पकडणे, हलवणे, कोंडणे हेच तिच्या जिवावर बेतते. हलवायचेच असेल तर आठ-पंधरा दिवस आधी, दुसऱ्या चांगल्या ऐसपैस टाकीत, त्याच टाकीचे पाणी भरून हलवावे. नाही तर तिला मुळीच हात लावू नये. आडोसा आईला नव्हे, पिल्लांना द्यावा.

आडोसा हीच सुईण

तिसऱ्या खेपेला आम्ही तेच केले. एक मादी उरली होती. टाकीचा एक तृतीयांश भाग हायड्रिलाने भरून टाकला. शाळेत जीवशास्त्राच्या तासाला पाहिलेली तीच ही वनस्पती. जड पाण्यात ती चांगली वाढते. शिवाय पक्क्या रंगाच्या नायलॉन धाग्याचे दोन दाट झुपके धाकटीने बांधले, बुचाला अडकवले आणि पाण्यावर तरंगत सोडले. नवजात पिल्ले वरच्या थरात दाटीत शिरतात, मोठ्या माशाचे तोंड तिथे पोचत नाही. त्या आठवड्यात मोठ्यांना दिवसातून तीन वेळा थोडे थोडे खायला घातले, म्हणजे वखवख कमी.

आणि आई पिल्ले का खाते, याचे उत्तरही मला त्या आठवड्यात धाकटीला देता आले. मॉलीला 'हे माझे' असे कळतच नाही. तिने पिल्लाला पोटात जपले, पूर्ण घडवून पोहते केले, तिथे तिचे आईपण संपले. त्यापुढे डोळ्यांसमोर काही बारीक हलले की ते अन्न, एवढीच तिची समज. तिच्या माहेरच्या खाडीत पिल्ले चहूकडे पांगतात आणि बरीचशी निसटतात. आपल्या टाकीत पळायला जागा नसते. तेव्हा दोष असलाच तर तो काचेच्या चार भिंतींचा आहे, तिचा नव्हे.

एका पहाटे झुपक्यांत हालचाल दिसली. पहिलटकरणीला दहा-वीस पिल्ले होतात, मुरलेल्या मादीला चाळीस-पन्नासही. आमच्याकडे चौतीस मोजली. बासमतीच्या दाण्याएवढे एकेक. त्यांतली सव्वीस आठवडाभर टिकली. मग जाळी न लावता कपाने अलगद उचलून ती दीड फुटी दुसऱ्या टाकीत नेली. त्या टाकीतले पाणी आणि स्पंज दोन्ही जुन्या टाकीतले होते.

पिल्लांचा आहार हे काम चिकाटीचे. दिवसातून तीन-चार वेळा, दोन मिनिटांत संपेल एवढेच. माशांचे तयार खाद्य बोटांनी अगदी पीठ करून घालावे. उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक फडक्यातून पिळून चिमूटभर घालता येतो, पण जरा जास्त झाला की पाणी नासते. सर्वांत उत्तम म्हणजे 'आर्टेमिया' या बारीक कोळंबीसारख्या जिवांची ताजी पिल्ले. त्यांची अंडी दुकानात मिळतात. एक लिटर पाण्यात पंचवीस-तीस ग्रॅम मीठ, त्यात हवेची नळी आणि चमच्याच्या टोकावर मावतील एवढी अंडी घातली, की उबदार हवेत दीड दिवसात नारिंगी ठिपके वळवळू लागतात. ते बारीक कापडाने गाळून, गोड्या पाण्यात धुऊन द्यावेत. मॉली मुळात शेवाळ खाणारी. त्यामुळे थोडी मोठी झालेली पिल्ले आणि आईबापही वाफवलेला पालक किंवा सोललेला, उकडलेला मटार आवडीने खातात. या टाकीतले पाणी आठवड्यातून दोनदा, थोडे थोडे बदलावे.

खजिनदाराचा हिशेब

इथवर सर्व गोड झाले. आता जमाखर्चाची दुसरी बाजू.

मॉली दर महिन्या-दीड महिन्याने विते. पिल्ले तीन-चार महिन्यांत स्वतः आईबाप होण्याच्या वयाची होतात. आमच्याकडे त्या एका मादीपासून चार महिन्यांत दोन टाक्यांत मिळून साठांवर मासे झाले. एके सकाळी सगळे पृष्ठभागाशी तोंडे वर करून हपापल्यासारखे हवा घेत होते. पाणी मुरलेले होते, फिल्टर चालू होता. पण खोली तेवढीच आणि माणसे वाढत गेलेली, अशी त्या टाक्यांची चाळ झाली होती. तातडीने अर्धे पाणी बदलले म्हणून निभावले, तरी चार मासे गेले.

एक स्नेही म्हणाले, "त्यात काय? तलावात सोडून द्या. तेवढेच पुण्य." धाकटीलाही ते पटले. मासे मोकळे होतील, खूप मोठ्या पाण्यात राहतील, आणि कोणी मरणार नाही. मुलांचे मन असेच चालते. मला मात्र या वेळी माहीत होते, म्हणून मी नाही म्हणालो.

आपल्या तलावांत, नद्यांत, विहिरींत आधीच कोणीतरी राहते आहे. चिमुकले स्थानिक मासे आहेत, बेडकांची पिल्ले आहेत. डास खाईल म्हणून गप्पीचाच दुसरा एक भाईबंद, गम्बुसिया, १९२८ साली इटलीहून हिंदुस्थानात आणला गेला. तो डासांच्या अळ्यांबरोबर इतर माशांची अंडी-पिल्लेही खातो, हे आज सर्वमान्य आहे. मॉलीचीही कीर्ती वेगळी नाही. अमेरिकेतील नेवाडा राज्यात मोआपा नदीच्या उबदार झऱ्यांत १९६० च्या दशकात मॉली सोडल्या गेल्या. तिथे, आणि जगात फक्त तिथेच, 'मोआपा डेस' नावाचा बोटभर मासा राहतो. मॉली त्याची नुकती जन्मलेली पिल्ले खातात. तो मासा घटत गेला, त्या कारणांत मॉलीचे नाव आहे. जी टाकीत स्वतःची पिल्ले ओळखत नाही, ती तलावात दुसऱ्याची काय ओळखणार? म्हणून टाकीतला मासा तलावात, नदीत, विहिरीत, खाडीत, गटारात कुठेही सोडायचा नाही.

मग करायचे काय? आम्ही दोन गोष्टी केल्या. पहिली, मासे वाटले. गेल्या दिवाळीत फराळाच्या ताटांबरोबर काही घरांत आमच्याकडून मॉलीही गेल्या. अट एकच होती. टाकी महिनाभर आधी भरून मुरलेली असावी, बरणीत मासे ठेवणाऱ्याला द्यायचे नाहीत. धाकटी स्वतः जाऊन टाक्या पाहून आली, सोयरीक ठरवण्यापूर्वी घर पाहतात तशी. उरलेल्यांतले काही दुकानदाराने आनंदाने ठेवून घेतले. नवशिक्यांनी पिल्ले वाचवण्याआधीच अशी दोन-चार घरे आणि एखादा दुकानदार विचारून ठेवावा.

दुसरी गोष्ट अधिक अवघड होती. प्रत्येक बाळंतपणातले प्रत्येक पिल्लू वाचवायचे नाही, हे आम्ही ठरवले. आमच्या दोन टाक्यांत मोठे मासे सुखाने राहतील ते बारा-चौदा. तेवढे असताना झुपके आणि दाट पाला ठेवला, तर आपण वाचवत नाही, नुसते मरण पुढे ढकलतो आणि ते सर्वांवर ढकलतो. साध्या, विरळ पाल्यात दर खेपेला एखाद-दुसरे चपळ पिल्लू तरतेच. तेवढे पुष्कळ.

गेल्या महिन्यात एका मादीचे पोट चौकोनी दिसू लागले. मी सवयीने खणातून नायलॉनचे झुपके काढले. धाकटी गृहपाठ करीत बसली होती. तिने टाकीतले मासे मोजले, मग माझ्या हातातले झुपके घेतले आणि पुन्हा खणात ठेवले.

"या वेळी नको, बाबा. जागा नाही."

मी विचारले, "ती खाईल, माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि थोडा वेळ टाकीकडे पाहून पुन्हा गृहपाठाला लागली.